जुन्या इमारतींना ऊर्जा आणि उत्सर्जनाचं मानक लावायला आपल्याकडच्या महापालिकांना मदत कशी करता येईल?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की न्यूयॉर्कसारखा कायदा मराठवाड्यातल्या शहरांत आणायला हातभार लावायचा आहे, पण मसुदा कुठून सुरू करावा ते कळत नाही. मसुदा शेवटी लिहा. आधी भागाकार जमला पाहिजे. इमारतीने वर्षात वापरलेली विजेची युनिटं भागिले तिचं क्षेत्रफळ, एवढ्यावर तर हे सगळं उभं असतं. आपल्या गावांत वरचा आकडा अर्धवट असतो आणि खालचा खोटा. ज्याने स्वतः टेप धरून हे पाहिलेलं नाही त्याने महापालिकेला सल्ला द्यायच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत आहे.

मी लातूर, नांदेड, संभाजीनगर या पट्ट्यात एनर्जी ऑडिटची कामं करतो. लातुरातल्या एका खासगी रुग्णालयाचं सांगतो. उन्हाळ्याचं बिल बघून डॉक्टरसाहेबांनी बोलावलं होतं. बिलं मागितली तर जाडजूड फाईल आली. सात मीटर. एक डॉक्टरांच्या दिवंगत वडिलांच्या नावावर, एक मेडिकल स्टोअरच्या, एक नुसत्या बोअरचं आणि एक घरगुती दराचं, कारण सगळ्यात वरच्या मजल्यावर पूर्वी डॉक्टर राहायचे. आता तिथं जनरल वॉर्ड आहे. एकेक मीटर 20 किलोवॉटच्या आतलं, म्हणजे बिलातला दरमहाचा स्थिर आकार कमी. बेरीज केली तर 100 च्या पुढं जाते. आता बघा, केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 पासून आहे, पण ती 100 किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभार (सगळ्या उपकरणांचा मिळून भार) असलेल्या नव्या व्यापारी इमारतींसाठी. ही इमारत जुनी, आणि कागदावर तर ती एक इमारतही नाही, सात छोटे ग्राहक आहेत.

मग मी टेप काढला. टेप दिसल्याबरोबर व्यवस्थापक धावत आले. "साहेब, क्षेत्रफळ कशाला? बिलं दिली ना तुम्हाला." त्यांची भीती बरोबर होती. तिसरा मजला पेशंटला दिसतो, मालमत्ता कराच्या नोंदवहीला दिसत नाही. शिवाय मागच्या बाजूला पत्र्याखाली नातेवाइकांच्या चहानाश्त्याची सोय.

सोयीसाठी आकडे गोल करून सांगतो. वर्षाची युनिटं 2,40,000. नोंदवहीतलं क्षेत्रफळ 1,500 चौरस मीटर धरलं तर चौरस मीटरला 160 युनिट पडतात. खरं 2,400 धरलं तर 100. तीच इमारत, तेच बिल, आणि मर्यादा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठंही ठेवली तर एका हिशोबात नापास, दुसऱ्यात पास. कर वाचवायला जागा लपवली की ऊर्जेचा आकडा फुगतो. मानक आलं तर मालकाला पहिल्यांदाच खरं क्षेत्रफळ सांगण्यात फायदा दिसेल. आणि पालिकेने तोच कागद कर विभागाकडे सरकवला, तर दुसऱ्या वर्षी एकही फॉर्म भरून येणार नाही. त्यामुळे मसुद्यात पहिलं कलम मानकाचं घालू नका. 'ही माहिती करआकारणीसाठी किंवा बांधकामाच्या नोटिसांसाठी वापरली जाणार नाही' हे पहिलं कलम. गुंठेवारीतली अर्धी वस्ती नियमित व्हायची बाकी असलेल्या शहरात याशिवाय गत्यंतर नाही. अधिकाऱ्यांना हे पटत नाही, कारण त्यांना एका दगडात दोन पक्षी मारायचे असतात. एकही मरत नाही.

रुग्णालयाचं खरं दुखणं दाखवलं ते तिथल्या वायरमन मामांनी. डॉक्टरांना ते माहीत नव्हतं, आर्किटेक्टला तर नाहीच नाही. शेजारच्या इमारतीत आणि ह्यांच्यात जेमतेम चार फुटांची बोळ, आणि सगळ्या एसींची बाहेरची युनिटं त्या बोळीत, एकावर एक टांगलेली. खालच्याने सोडलेली गरम हवा वरच्याने ओढायची, त्याची त्याच्या वरच्याने. मामा म्हणाले, "साहेब, हात घालून बघा, भट्टी हाय. दुपारी दोनला वरचे दोन बंदच पडतेत. मग मी पाईप लावून पानी मारतो." बाहेर 41 अंश होते आणि बोळीतल्या तिसऱ्या मजल्यावर थर्मामीटर 50 च्या वर गेला. त्या हवेत कॉम्प्रेसर काय थंड करणार? नुसती वीज ओढणार. वरची युनिटं गच्चीवर उत्तरेच्या कठड्याला हलवली, बास. त्याला ना परदेशी तज्ज्ञ लागला ना अनुदान.

आणि मामा जे पाणी मारायचे ते कुठलं, तर बोअरचं. हे 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं गाव आहे. दीडशे मीटरवरून हजार लिटर वर काढायला नुसत्या भौतिकशास्त्रानेच 0.4 युनिट लागतं. आपल्या दोनदा रिवाइंड केलेल्या मोटारीला एकाच्या आसपास. बोअर आटला की टँकर, आणि टँकरचं डिझेल कुठल्याच बिलात दिसत नाही. लिटरमागे 2.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, जनरेटरच्या डिझेललाही तोच हिशोब. ग्रिडच्या विजेचा युनिटमागे साधारण 0.7 किलो, म्हणजे वरच्या 2,40,000 युनिटांचे 168 टन. उत्सर्जनाचं मानक लिहिताना मराठवाड्यात पाणी धरलं नाही तर ते मानक पुण्याचं झालं.

आता काचेकडे येतो, कारण खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नाला उत्तर लिहायला मी बसलो तो तिच्यामुळेच. या रुग्णालयाची पश्चिमेची भिंत पूर्ण काचेची आणि एसीपीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चकचकीत पत्र्यांची आहे. ती ज्यांनी काढली ते आर्किटेक्ट माझे साडू. रस्त्याकडून झकास दिसते, वाद नाही. पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर त्या बाजूच्या खोल्यांत बसवत नाही. नर्सबाईंनी काय केलं होतं, तर जुन्या एक्स-रे फिल्म्स काचेला आतून चिकटपट्टीने लावल्या होत्या. कुणाच्या छातीचा, कुणाच्या गुडघ्याचा, अशी आख्खी खिडकी. त्यावर पडदा, आणि पडद्यामुळे अंधार म्हणून भर दिवसा ट्यूब. उजेडासाठी बसवलेल्या काचेमागे दिवसा दिवे लावायचे, याला मी डिझाईन म्हणत नाही.

साडूंचं म्हणणं, "लोकांनाच काच पाहिजे. आणि एवढं काय, गच्चीवर सोलर टाका, आकडा आपोआप खाली येतो." हा वाद आमच्यात प्रत्येक लग्नाच्या पंगतीत होतो. गच्चीवर जागा कुठंय? पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, आता एसीची युनिटं. आणि चार मजल्यांचा खप एका गच्चीवर भागत नाही. सोलर बसवाच, पण भोकं बुजवल्यावर.

आपल्या आजोबा-पणजोबांची माळवदाची, म्हणजे जाड मातीच्या छताची घरं मे महिन्यातही गार असायची, तेव्हा त्यात कुणी रेटिंग मागत नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात त्याच जाड दगडी भिंतींखाली माणसं गेली आणि लोकांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला. तो उडणारच होता. पण त्यानंतर आपण जे उचललं ते उघडं स्लॅब आणि पत्रा, ज्याला ना सावली ना चुना. स्लॅबवर पांढरा लेप द्यायला फार मोठा खर्च नाही. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. 1956 पर्यंत आपण एकाच राज्यात होतो, ऊन सारखंच आहे, मग तुम्हाला न्यूयॉर्कच का आठवलं?

बरं, न्यूयॉर्कच घ्या. त्यांचा इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालणारा 2019 चा कायदा, 25,000 चौरस फुटांवरच्या इमारती, मर्यादेच्या वर गेल्यास टनामागे 268 डॉलर दंड, हे सगळे सांगतात. त्याच शहराने 2009 मध्ये फक्त आकडे कळवण्याचा कायदा केला होता हे कुणी सांगत नाही. आधी दहा वर्षं मोजमाप, मग मर्यादा, आणि ती लागू झाली 2024 पासून. तोक्योनेही 2002 पासून अहवाल मागवले आणि सक्तीची कपात 2010 ला आणली. आपल्याकडे बीईईचं, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, जुन्या इमारतींसाठीचं स्टार रेटिंग 2009 पासून आहे, पण ते ऐच्छिक. 2022 च्या दुरुस्तीने केंद्राच्या ऊर्जा संवर्धन कायद्याचा आवाका वाढला, निवासी इमारतीही आत आल्या, तरी पालिकेच्या हाती जुन्या इमारतीसाठी काठी अजून नाही.

म्हणून मदत करायचीच असेल तर पालिकेच्या स्वतःच्या इमारतींपासून करा. मुख्यालय, शाळा, दवाखाने, नाट्यगृह. विद्युत विभागात बसून मीटर क्रमांक आणि इमारत यांच्या जोड्या लावून द्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचं प्रेझेंटेशन चांगलं होत नाही, म्हणून कुणी करत नाही. जोड्या लावताना बंद शाळेचं चालू मीटर हमखास सापडतं आणि आयुक्तांना तेवढ्यानेच तुमच्याबद्दल आदर वाटायला लागतो. खासगी इमारतींसाठी नवीन खिडकी उघडू नका. 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म द्यावाच लागतो. त्याच्यासोबत एक पान जोडा: सगळे मीटर क्रमांक, सहा महिन्यांची युनिटं, डिझेल, टँकर, प्रत्यक्ष क्षेत्रफळ. पालिकेने बदल्यात मालमत्ता करात थोडी सूट द्यावी, सोलरला अनेक पालिका देतातच. बी फॉर्मचे शिक्के कसे मिळतात ते मला माहीत आहे, त्यामुळे दहातली एक इमारत जाऊन तपासायला माणूस ठेवा, आणि तो आयटीआय झालेला, बोळीत हात घालणारा ठेवा.

एक राहिलंच. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावू नका. लातुरातल्या कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये दीड-दोनशे पोरं एसीत बसतात. चौरस मीटरला आकडा भयंकर येतो, पण पोरामागे काढला तर काहीच नाही. आयसीयूचा एसी वीज वाचवायला सांगतात त्या 24 अंशांच्या हिशोबाने चालत नाही, शस्त्रक्रियागृहाचा तर नाहीच. भाड्याच्या गाळ्यात बिल भाडेकरू भरतो आणि भिंत मालकाची असते, मग काच कोण बदलणार? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, न्यूयॉर्कवालेही त्यावर अजून भांडतात. आणि मी वर जे सांगितलं ते मध्यम रुग्णालयं आणि व्यापारी संकुलांपुरतं धरा. अपार्टमेंटच्या सोसायट्या हा वेगळाच त्रास आहे.

त्या रुग्णालयाच्या काचेला बाहेरून शेडनेटची जाळी लावून घेतली, एक्स-रे काढून टाकले. बिल उतरलं. किती ते सांगत नाही, कारण त्याच महिन्यात ट्यूब बदलून एलईडी लावले. साडूंनी हे बरोबर पकडलं, म्हणतात, "जाळीचं कशाला, ते दिव्यांमुळे." म्हणून आता पश्चिमेच्या खोल्यांच्या एसीला वेगळं सबमीटर बसवलंय आणि मामा रोज सकाळी रीडिंग लिहितात. मे संपू द्या.