नोकरी सोडून गेलेला माणूस ग्राहकांची यादी घेऊन जाऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: टूर्सचा छोटा व्यवसाय, ऑफिसात सात-आठ जण. नोकरी सोडून गेलेला मुलगा आता तुमच्याच ग्राहकांना फोन करून चारधाम आणि दुबईची पॅकेजेस विकतोय. पुढच्या वेळी हे कसं टाळायचं?

ट्रॅव्हलवाले, क्लासेस, पॅथॉलॉजी लॅब अशा छोट्या ऑफिसांचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. तुमच्यासारखा प्रसंग आला की मालक आधी अँटिव्हायरस आणि सीसीटीव्हीबद्दल विचारतात. पण इथे कुणी काही फोडून आत शिरलेलं नाही. यादी त्याच्या हातात कामासाठी तुम्हीच दिली होती. म्हणून कुणाला काय दिसतं, कुणाला काय बाहेर काढता येतं आणि माणूस गेल्यावर त्याच्याकडे काय उरतं, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात फोन नंबरपासून करा. ग्राहक ज्या नंबरवर व्हॉट्सॲप करतो तो कुणाच्या नावावर आहे? बहुतेक ऑफिसांत तो त्या-त्या मुलाचा स्वतःचा नंबर असतो. असं असेल तर यादी चोरायची गरजच नाही, ती आधीपासून त्याच्या खिशात आहे. सिम कंपनीच्या नावावर घ्या, तो फोन ऑफिसातच राहू द्या आणि मुलांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिंक्ड डिव्हाइस म्हणून काम करू द्या. एका नंबरला अशी चार उपकरणं जोडता येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन तुमच्याकडे ठेवा आणि जोडलेल्या उपकरणांची यादी आठवड्यातून एकदा उघडून बघा. घरचा लॅपटॉप तिथे दिसला तर लगेच काढून टाका.

इथे एक बारकावा हमखास सुटतो. अँड्रॉइडवर नवीन नंबर सेव्ह करताना तो कुठल्या गूगल खात्यात जातोय ते बघा. कंपनीच्या फोनमध्ये मुलाने स्वतःचं जीमेल टाकलेलं असेल, तर प्रत्येक ग्राहकाचा नंबर त्याच्या खात्यात जातो. त्याने फोन परत केला तरी नंबर त्याच्याकडेच राहतात. फोनमध्ये खातं कंपनीचंच हवं. त्या खात्याचा रिकव्हरी नंबरही तुमचा हवा, ‘सेटअप करून देणाऱ्या’ मुलाचा नव्हे.

मग ती एक्सेल शीट. प्रत्येक ऑफिसात एक असतेच: नाव, मोबाइल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, मागची सहल, किती पैसे भरले, सगळं एकाच जागी आणि लिंक ज्याच्याकडे असेल त्याला उघडी. ती आजच बंद करा. तिकीट काढणाऱ्याला वाढदिवस कशाला हवा? चौकशी घेणाऱ्याला पाच वर्षांचे जुने ग्राहक कशाला हवेत? ज्याच्या हातात जे बुकिंग आहे तेवढंच त्याला दिसू द्या. गूगल शीट असेल तर फक्त बघण्याचा अधिकार देऊन डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी बंद करता येतं. सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, घेतलं असेल तर एक्सपोर्टचा अधिकार फक्त तुमच्याकडे ठेवा. स्क्रीनचा फोटो कुणी तरीही काढू शकेल, पण वीस नावांचा फोटो आणि चार हजार नावांची फाइल यांत फार अंतर आहे.

सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड ठेवू नका. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन नसेल तर रात्री अकरा वाजता यादी कुणी उतरवली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. शिवाय प्रत्येकाच्या यादीत एक-दोन नोंदी तुमच्या स्वतःच्या जादा नंबरांच्या घाला, प्रत्येकाकडे वेगळ्या नावाने. त्या नावाने दुसऱ्या कंपनीचा फोन आला, की यादी कुणाकडून गेली ते कळतं.

पासपोर्ट आणि आधारच्या प्रतींची मला यादीपेक्षा जास्त काळजी वाटते. ग्राहक पळाला तर तुमचं नुकसान, पासपोर्टची प्रत पळाली तर त्या कुटुंबाचं. व्हिसाचं काम झालं आणि हिशेबासाठी ठेवणं भाग नसलं, की त्या प्रती व्हॉट्सॲप ग्रुपमधून आणि डाउनलोड फोल्डरमधून काढा. २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओतल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांकडून कामाच्या ओघात पिन काढून घेतले आणि त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. २०२५ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीच्या परदेशातल्या ग्राहकसेवेतल्या माणसांना लाच देऊन सुमारे ६९ हजार ग्राहकांची माहिती बाहेर काढली गेली. दोन्हीकडे माहिती त्यांच्याच हातून गेली, ज्यांचा कामामुळे त्या ग्राहकांशी संबंध येत होता.

माणूस सोडतो तो दिवस सगळ्यांत नाजूक. अमेरिकेतल्या कॅश ॲप या पैसे पाठवायच्या ॲपच्या एका माजी कर्मचाऱ्याने नोकरी सुटल्यावरही ग्राहकांचे अहवाल उतरवले आणि २०२२ मध्ये कंपनीला ८० लाखांहून जास्त ग्राहकांना ते कळवावं लागलं. तुम्ही राजीनामा आला की त्याच दिवशी यादीचा अधिकार कमी करा आणि शेवटच्या दिवशी मेल, व्हॉट्सॲप, एअरलाइन आणि हॉटेल पोर्टल, सगळीकडचं लॉगिन तो समोर असतानाच बंद करा. हे सगळ्यांना सारखंच लावा, म्हणजे चांगल्या माणसाला अपमान वाटत नाही.

कायद्याचं सांगायचं तर, ‘सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात पडायचं नाही’ अशा कराराचा फारसा उपयोग नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सुटल्यानंतरचं असं बंधन टिकत नाही. तो टूर्स विकतो म्हणून त्याला अडवता येणार नाही, तुमची यादी नेली म्हणून अडवता येईल. म्हणून नेमणूकपत्रात गोपनीयतेचं कलम स्पष्ट लिहा. परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या खटल्यात मेहनतीने जमवलेल्या ग्राहक यादीला कॉपीराइटचं संरक्षण दिलं होतं, तेही वकिलांना सांगा.

जबाबदारी तुमच्यावरही आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत आहे. त्यानंतर पुरेशी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. छोट्या ऑफिसाला एवढा होईल असं नाही, पण ‘मुलाने नेली, मी काय करू’ हे उत्तर चालणार नाही.

आत्ताच्या प्रकरणात त्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, तो तसाच बाजूला ठेवा. ज्या ग्राहकांना फोन आले त्यांच्याकडून तारीख, नंबर आणि मेसेजचे स्क्रीनशॉट मागून घ्या. शीटची हिस्टरी आणि लॉगिनच्या नोंदी उतरवून ठेवा. मग आधी वकिलाची नोटीस, त्यानंतर सायबर पोलीस. आणि ग्राहकांना आजच कळवा, की हा मुलगा आता आमच्याकडे नाही, आमच्या नावाने त्याला पैसे देऊ नका.