मेलबर्नला जा, हप्ता मात्र भरू नका

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 66, खासगी कंपनीतून निवृत्त. पत्नी 63, जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होत्या. दोघांना मेलबर्न बघायचंय. तिथे ओळखीचं कुणी नाही. पण पहाटे उठून रेडिओवर ऑस्ट्रेलियातली कसोटी ऐकलेला माणूस आहे, एमसीजीवर, म्हणजे मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर, एकदा पाय ठेवायचाय म्हणतात. टूर कंपनीने नाताळच्या आठवड्यातलं 9 रात्रींचं पॅकेज दिलंय, दोघांचे साडेआठ लाख. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे: आठ महिन्यांनी पिकणारी 10 लाखांची एफडी आत्ता मोडू, की टूर कंपनी देतेय तो 12 महिन्यांचा ‘बिनव्याजी’ हप्ता घेऊ?

दोन्ही नको. का ते सांगतो, पण त्याआधी पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाबद्दल बोलावं लागेल. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय. मी तो तीनदा वाचला.

तुम्ही लिहिता: ‘गेल्या वर्षी एफडी रिन्यू करायला बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या रिलेशनशिप मॅनेजर मुलीने चांगली योजना दिली. 7 वर्षं 4 लाख भरायचे, मग दरवर्षी 3 लाख 20 हजार, म्हणजे 11.4 टक्के व्याज गॅरंटीड. त्यातून पुढे दरवर्षी एक परदेशवारी होईल. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे, त्याचे 4 लाख बचत खात्यात काढून ठेवलेत.’

हे 11.4 कुठून आलं? 7 गुणिले 4 म्हणजे 28 लाख. 3.2 लाखांना 28 लाखांनी भागलं की 11.4. गणित बरोबर आहे, पण ते व्याजाचं नाही. व्याज म्हणायचं तर मुद्दल शिल्लक राहायला हवं. तुमची ‘योजना’ म्हणजे विमा पॉलिसी आहे. तुम्ही पाठवलेल्या तिच्या पानावर उत्पन्न नवव्या वर्षाच्या अखेरीपासून 15 वर्षं, असं छापलंय आणि मॅच्युरिटी बेनिफिटच्या रकान्यात शून्य. थोडक्यात, 28 लाख परत मिळणार नाहीत. तुमचेच पैसे आठ-नऊ वर्षं वापरून ते तुम्हालाच तुकड्या-तुकड्याने देणार, वर थोडंसं व्याज घालून. ते थोडंसं किती? मी मांडून पाहिलं, वर्षाला साडेचार टक्क्यांच्याही आत. एवढ्यासाठी तुम्ही ज्येष्ठांची 7 टक्क्यांची एफडी मोकळी केलीत.

परदेशवारीचं म्हणाल, तर पहिले 3.2 लाख हातात येतील तेव्हा तुम्ही 74 वर्षांचे असाल. ऑस्ट्रेलियाच्या पर्यटन व्हिसासाठी 75 पूर्ण झाल्यावर वैद्यकीय तपासणीही लागते. विकणाऱ्या मुलीने हे बहुधा सांगितलं नसेल. 9 वर्षांनंतरच्या 3.2 लाखांत मेलबर्न राहू द्या, विमानाची तिकिटं निघाली तरी पुष्कळ.

आता घरचा हिशेब. बाईंची पेन्शन वर्षाला 3.6 लाख. सरकारच्या सीनियर सिटिझन बचत योजनेतल्या तुमच्या 30 लाखांवर 8.2 टक्क्यांनी जवळपास अडीच लाख. हप्त्यासाठी काढलेले धरून ठेवी 24 लाख, त्यांचे 1.7 लाख. एकूण 7.7-7.8. खर्च तुम्ही महिना 58 हजार लिहिलाय, म्हणजे वर्षाला 7 लाख. वर्षाकाठी 70-80 हजार उरतात. छान बसवलेली घडी आहे, निवृत्तांच्या पत्रांत अशी क्वचित दिसते. आणि या घडीवर तुम्ही दरवर्षी 4 लाखांचा हप्ता ठेवलाय! तूट सव्वातीन लाखांची. ती ठेवीतून काढायची, ठेव कमी झाली की व्याज कमी, की तूट आणखी मोठी. त्यातून साडेआठ लाख सहलीला गेले, तर सातपैकी पाचव्या हप्त्याच्या वेळी ठेवी संपलेल्या असतील. पुढचे हप्ते कशातून, सीनियर सिटिझन योजना मोडून? बाकी राहिलेले सहा हप्ते म्हणजे 24 लाख. तुमच्या ठेवी किती आहेत? 24 लाख. हा योगायोग नसावा. बँकेला तुमची शिल्लक दिसते.

तुम्ही म्हणाल, एक हप्ता भरून बसलोय, तो वाया जाईल. समजा, पूर्ण गेला. चारच्या चार लाख पाण्यात. उरलेले सहा हप्ते त्याच तारखांना कंपनीला देण्याऐवजी 7 टक्क्यांच्या ठेवीत टाकले, व्याज आतच ठेवलं, तर त्याच नवव्या वर्षापासून तेच 3.2 लाख 15 वर्षं तुम्ही स्वतःच स्वतःला देऊ शकता, आणि शेवटी 10 लाखांच्या आसपास उरतात. दर उतरून 6 टक्क्यांवर आले तरी बरोबरी होते. एवढं नुकसान धरूनही एफडी जिंकते, यावरून त्या ‘चांगल्या योजने’ची लायकी कळावी.

आणि सगळं जाणारही नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांप्रमाणे अशा पारंपरिक पॉलिसीत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल, तर पहिलं वर्ष संपल्यावर काही ना काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारे पैसे, द्यावी लागते. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. विमा कंपनीला लेखी विचारा: पहिलं वर्ष संपल्यावर सरेंडर केली तर किती, आणि पुढचे हप्ते न भरता पेडअप ठेवली, म्हणजे कमी रकमेवर चालू ठेवली, तर कधी, किती. तोंडी आकडा ऐकू नका, ईमेल मागवा.

पण सरेंडरच्या आधी एक काम करा. प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेतानाच्या अर्जाची, प्रत मागवा. तुम्ही लिहिलंय, ‘फॉर्म तिनेच टॅबवर भरला, मी फक्त ओटीपी सांगितला. नंतर फोन आला तेव्हा सगळ्याला हो म्हणा असं ती म्हणाली होती.’ ओटीपी म्हणजे सहीच, हे आपल्या ज्येष्ठांना कुणी नीट सांगत नाही. त्या फॉर्मवर तुमचं उत्पन्न काय लिहिलंय ते बघा. वर्षाला 4 लाखांचा हप्ता मंजूर व्हायला ते चांगलंच फुगवलेलं असण्याची शक्यता दाट आहे. आणि आजारांचा रकाना बघा. 2021 मध्ये तुम्हाला स्टेंट बसलाय. तिथे ‘नाही’वर टिक असेल, तर ही पॉलिसी विमा म्हणूनही कच्ची आहे, कारण पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून कंपनी ती नाकारू शकते. म्हणजे मागे बाईंच्या हाती भांडणच.

फॉर्ममध्ये असं काही सापडलं, तर सरेंडरऐवजी पूर्ण पैसे परत मागा. मिससेलिंगची, म्हणजे चुकीची माहिती देऊन विकल्याची, तक्रार आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे करा, प्रत बँकेला द्या. स्टेंट आपण सांगितला होता, फॉर्म बँकेतल्या व्यक्तीने भरला, 11.4 टक्के व्याज असं सांगण्यात आलं, हे तारीखवार लिहा. तिचे व्हॉट्सअॅप मेसेज असतील तर जपून ठेवा, फोन बदलू नका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती बिनबोभाट परत करता आली असती, पण ती ईमेलवर आली आणि तुम्ही उघडली नाहीत. त्यावर आता बोलून उपयोग नाही.

त्या मुलीवर राग धरू नका, टार्गेट तिचं नसतं, वरून आलेलं असतं. पण 65 वर्षांच्या माणसाला नऊ वर्षांनी सुरू होणारं उत्पन्न विकायला बसवतात, त्यांच्याविषयी मला अजिबात सहानुभूती नाही.

आता मेलबर्न. ऑस्ट्रेलियन डॉलर 60 रुपयांना धरू. सिंगापूर किंवा क्वालालंपूरवरून दोघांची तिकिटं 1 लाख 60 हजार. व्हिसा माणशी 200 डॉलरच्या आसपास, दोघांचे 24 हजार. स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट रात्री 180 डॉलर, 9 रात्रींचे लाखाच्या आत. जेवणखाण 60 हजार, बाहेरगावच्या दिवसभराच्या सहली 50 हजार, विमा 20, सटरफटर 40. बेरीज साडेचार लाख. पॅकेज साडेआठ. मधले 4 लाख कशाचे? नाताळचे, टूर मॅनेजरचे, आणि रोज रात्रीच्या डाळ-भाताचे.

तुम्ही पॅकेजचा कार्यक्रम जोडलाय. तिसऱ्या दिवशी ‘मेलबर्न सिटी टूर’ आहे: फेडरेशन स्क्वेअर, फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन, क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, बोटॅनिक गार्डन. शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे. 35 नंबरची जुनी सिटी सर्कल ट्राम तर पर्यटकांसाठीच फिरते. बोटॅनिक गार्डनला तिकीट नाही, श्राइन ऑफ रिमेम्बरन्स या युद्धस्मारकाला नाही, नॅशनल गॅलरीचा कायमचा संग्रहही मोफत. स्टेशनसमोर फोटो काढायला बस कशाला हवी? तुम्ही नाशिकहून मुंबईला लोकांच्या धक्क्यांतून जाता, मग ट्राम अवघड नाही. फुकटच्या पट्ट्याबाहेर, सेंट किल्डाच्या किनाऱ्यावर वगैरे जायचं असेल, तर मायकी हे तिथलं प्रवासाचं कार्ड घ्या.

पॅकेजमध्ये एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगाची आहे. ग्रेट ओशन रोडला तुम्ही स्वतः गाडी चालवत जाऊ नये. तिथले ट्वेल्व्ह अपोसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले खडकांचे सुळके, मेलबर्नपासून 200 किलोमीटरच्या पुढे, किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं तर आणखी लांब. एका दिवसात जाऊन-येऊन 12 तास सहज होतात. शहरातून निघणाऱ्या डे टूरच्या बसमध्ये जागा घ्या. तिसऱ्या तासाला गुडघे बोलू लागतील. ते नको असेल तर वाटेत अपोलो बेला एक रात्र काढा, 10-12 हजार जास्त जातील. मी असतो तर काढली असती.

आणि नाताळ सोडा. तुम्हाला ना शाळेच्या सुट्ट्यांचं बंधन, ना रजेचं. 26 डिसेंबरच्या कसोटीमुळे तेव्हा हॉटेलांचे दर चढलेले, विमानांचे त्याहून. जानेवारीत टेनिस, मार्चमध्ये अल्बर्ट पार्कला मोटारींची शर्यत. एप्रिलमध्ये जा, ईस्टरचे दिवस चुकवून. हवा थंडगार पण सोसवेल अशी. फिलिप आयलंडवरचे छोटे पेंग्विन सूर्यास्तानंतर समुद्रातून वर येतात. डिसेंबरमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, मग मेलबर्नला परतायला मध्यरात्र. एप्रिलमध्ये सहाच्या आसपास मावळतो, दहापर्यंत अंथरुणात. एमसीजीची आतून सहल सामना नसलेल्या दिवशी घेता येते, तिला सामन्याचं तिकीट लागत नाही. रहाणेने 2020 मध्ये शतक ठोकलं ते मैदान रिकामं बघायलाही चांगलं वाटेल.

जिथे पैसे वाचवायचे नाहीत ती जागा म्हणजे प्रवास विमा. पॅकेजसोबत येणारा विमा बहुतेक वेळा आधीपासूनच्या आजारांना हात लावत नाही. भारताचा ऑस्ट्रेलियाशी वैद्यकीय सेवेचा परस्पर करार नाही, त्यामुळे छातीत दुखलं तर सगळं बिल तुमचं. अँब्युलन्सचंच हजार डॉलरच्या पुढे जातं. स्टेंट जाहीर करून, तो कव्हर होतो असं लेखी घेऊन पॉलिसी काढा. इथे टॅबवर दुसऱ्याला टिक करू देऊ नका. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि बाईंनी करून दिलेले तुपातले लाडू विमानतळावर जाहीर करा किंवा घरीच ठेवा. खाण्याच्या वस्तू लपवल्या तर दंड शेकडो डॉलरपासून सुरू होतो.

दरवर्षी परदेश मात्र विसरा. सहलीनंतर तुमच्याकडे 30 लाख योजनेत, 20 ठेवीत, म्युच्युअल फंडात 9, असे 59 लाखांच्या आसपास राहतील. बाईंच्या नव्वदीला अजून 27 वर्षं आहेत. फंडातल्या 9 लाखांना हात लावू नका, महागाईशी झगडणारा तेवढाच भाग आहे. ठेवींपैकी 10-15 लाख जसजसे पिकतील तसे बाईंच्या नावावर सीनियर सिटिझन योजनेत टाका, साठी ओलांडलेली असल्याने त्यांचं वेगळं खातं निघतं. व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, पण तुम्हाला त्यावर कर बसेल अशी स्थिती नाही.

राहिला तुमचा प्रश्न. एफडी मोडायची गरज नाही आणि बिनव्याजी हप्त्याचीही नाही. त्या हप्त्यात प्रोसेसिंग फी असते, आणि रोख देतो म्हटलं की किंमत कशी उतरते ते विचारून बघा. पुढच्या महिन्याच्या हप्त्यासाठी काढलेले 4 लाख बचत खात्यात आहेत. वरचे 50 हजार वर्षाच्या शिलकीतून निघतात. सहलीचे पैसे तेच.

फक्त ते खात्यावरून आपोआप कापले जाणार आहेत. या आठवड्यात शाखेत जाऊन विम्याच्या हप्त्याचं ऑटो डेबिट रद्द करा, रद्द झाल्याची पोच घ्या. ती मुलगी भेटेल, चहा विचारेल, ‘सर, आत्ता थांबलात तर नुकसान आहे’ म्हणेल. तिला सांगा, या पॉलिसीचा खरा वार्षिक परतावा किती टक्के, ते बँकेच्या लेटरहेडवर लिहून दे, मग बसून बोलू.