पेठेतून उत्तर : तिळाचं पोतं आणि दूरचं बंदर

प्रश्न : निपाणीतला आमचा बचत गट संक्रांतीला तिळाच्या वड्या आणि लाडू करून विकतो. सव्वा क्विंटल तीळ लागतो. दोन-तीन वर्षं बघतेय, इकडं पाऊस कसाही असो, दुकानदार म्हणतात, "आफ्रिकेत घोळ झालाय, तीळ चढणार." आमच्या वडीचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? आणि तीळ भरावा तरी कधी? (एक वाचक भगिनी, निपाणी)

ताई, दुकानदार खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात. मी बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या ठोक व्यापारात अडतीस वर्षं काढली. इथिओपियाचा तीळ पहिल्यांदा बघितला तो मुंबईच्या दलालानं कागदी पुडीतून पाठवलेला मूठभर नमुना. काळ्या पत्र्याच्या थाळीत ओतला. दाणा टपोरा, पांढराशुभ्र, एकसारखा. खडा नाही, काडी नाही. थाळी तिरकी केली तर सगळा एका दमात घरंगळला. दाताखाली धरला तर गोडसर. पुडीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हुमेरा'. घरी येऊन मुलीच्या शाळेच्या नकाशात ते गाव शोधायला बसलो, आणि तिळाच्या भावाकडं बघायची माझी नजर त्या रात्री बदलली.

हुमेरा इथिओपियाच्या वायव्य टोकाला आहे, सुदान आणि इरिट्रिया दोघांच्या सीमेला लागून. समुद्र तिथून इरिट्रियातून जवळ. पण १९९३ साली इरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाचा सगळा किनारा गेला. पुढं १९९८ ते २००० दोघांत युद्ध झालं, तेव्हापासून माल जिबूती या तिसऱ्याच देशाच्या बंदरावर जातो. म्हणजे हुमेराचं पोतं आधी डोंगर चढून देशाच्या मध्यात येणार आणि तिथून पुन्हा किनाऱ्याकडं उतरणार. नुसतं अदिस अबाबा ते जिबूती रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर.

इतकं लांब असूनही हे देश तीळच का पेरतात, हे मला फार दिवस उमगत नव्हतं. उत्तर भाड्यात आहे. मक्याचं पोतं हजार किलोमीटर नेलं तर निम्मा मका भाड्यातच जातो. तिळाच्या पोत्याला दाम जास्त, म्हणून त्याला भाडं सोसवतं. शिवाय तिळाला पाणी कमी, खत कमी, आणि विकला की हातात रोख पैसा. म्हणून बुर्किना फासो, माली, नायजर, चाड, युगांडा या समुद्र नसलेल्या देशांत कोरडवाहू शेतकऱ्याचा तिळावर जीव आहे. युगांडात त्याला 'सिमसिम' म्हणतात. बुर्किनाचा तीळ टोगोच्या लोमे, घानाच्या तेमा नाहीतर आयव्हरी कोस्टच्या आबिजान बंदरात उतरतो. कुठंही गेलात तरी हजारएक किलोमीटर आणि एक परका नाका आहेच.

आता घोळ कसा होतो ते सांगतो. तिळाची बोंडं खालून वर पिकत जातात आणि पिकली की फुटतात. कापणी आठवडाभर लांबली तर दाणा जमिनीवर, मातीत. हुमेरा भागात कापणी हातानं होते, त्यासाठी दूरदूरचे मजूर येतात. २०२० च्या नोव्हेंबरात, ऐन कापणीच्या दिवसांत, इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं आणि हुमेरातच लढाई झाली. उभं पीक आणि कापायला माणूस नाही. त्या शेतकऱ्याचा विचार आला की आजही मला गलबलतं. वर्षाची कमाई बोंडात तयार होती हो.

नायजरची तऱ्हा वेगळी. जुलै २०२३ मध्ये तिथं लष्करानं सत्ता घेतली, शेजारच्या देशांच्या संघटनेनं निर्बंध घालून सीमा बंद केल्या आणि ते निर्बंध फेब्रुवारी २०२४ मध्ये उठले. म्हणजे त्या वर्षीचा तिळाचा अख्खा मोसम नाक्याआड गेला. शेतात पीक उत्तम असून उपयोग काय? त्याआधी, एप्रिल २०२३ मध्ये, सुदानमध्ये युद्ध सुरू झालं होतं. सुदानला बंदर आहे, पण तिळाचा मोठा मुलूख आहे तो, आणि त्याची झळ सगळ्या बाजारानं सोसली.

आणि आपला संबंध? जगात तिळाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक चीन. आफ्रिकेचा माल अडला की खरेदीदार दुसरीकडं हात घालतात, त्यात भारतही आला. आपला तीळ कोरियापर्यंत जातो, आणि आपण आफ्रिकेतून तीळ आणतोही. म्हणून गुजरातच्या बाजारातला भाव आफ्रिकेच्या बातमीवर हलतो आणि तो दोन दिवसांत निपाणीला पोचतो.

कधी भरायचा, तर आपला खरिपाचा तीळ सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उतरतो. दिवाळीनंतर, कार्तिकात, माल वाळलेला असतो आणि संक्रांतीची गर्दी सुरू झालेली नसते. तेव्हा दोन वाटे गावरान तीळ घ्या. पॉलिश तीळ आधी भरू नका, साल गेल्यामुळं तो लवकर खवट होतो. तो लागेल तसा मार्गशीर्ष-पौषात. आफ्रिकेचा नवा माल कापून बंदर गाठेपर्यंत डिसेंबर-जानेवारी होतं, त्यामुळं तो संक्रांतीला स्वस्ताई आणेल या आशेवर थांबू नका.

प्रश्न : 'भूवेष्टित देश' हा शब्द पुस्तकात आहे. समुद्र नसल्यानं एवढं काय बिघडतं? (अकरावीतला विद्यार्थी, खानापूर)

बाळा, संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीत असे विकसनशील देश ३२ आहेत. पण बिघडतं काय ते तुला तुझ्याच तालुक्यात दाखवतो. पूर्वी बेळगावचा माल बैलगाड्यांनी आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायचा. मग लोंढ्यावरून कॅसल रॉकमार्गे मुरगावला रेल्वे झाली आणि वेंगुर्ला मागं पडलं. सोय झाली खरी, पण मुरगाव होतं पोर्तुगिजांच्या ताब्यात. १९५५ साली भारताचे आणि गोव्याचे व्यवहार तुटले, रेल्वे बंद पडली. वडील सांगायचे, ज्यांचा धंदा त्या लायनीवर होता ते रोज स्टेशनात जाऊन नुसते रूळ बघून यायचे. १९६१ ला गोवा मुक्त झाला, आपली अडचण मिटली. आपल्याला निदान बाकीचा देश होता, मुंबई होती. नायजरच्या शेतकऱ्याला दुसरं बंदर धरायचं तर पुन्हा दुसऱ्याच देशाची परवानगी लागते.

प्रश्न : विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं. सोयाबीननंतर अर्धा एकर उन्हाळी तीळ करू का? (तरुण शेतकरी, अथणी)

पाणी एप्रिलअखेर पुरणार असेल तरच कर. पीक तीन महिन्यांचं आहे. साचलेलं पाणी तिळाला मुळीच चालत नाही, म्हणून निचऱ्याचीच जमीन घे. बी बारीक, अर्ध्या एकराला पाऊण किलो पुरे, वाळूत मिसळून उथळ पेर. मजूर मात्र पेरणीच्या दिवशीच बोलून ठेव. खालची बोंडं पिवळी पडली की थांबू नकोस. पहाटे गारव्यात काप, पेंढ्या उभ्या रच, आणि खाली ताडपत्री आधी अंथर, पेंढ्या नंतर आण.