नवा एसएमपीएस, जुन्या केबली आणि जळालेल्या डिस्क: दाद कोणाविरुद्ध मागावी?

प्रश्न: मी मिरजेत राहते आणि घरच्या डेस्कटॉप संगणकावर एकटीच पुस्तकांची अक्षरजुळणी करून देते. संगणक काम करता करता बंद पडू लागला, तेव्हा कोल्हापूरच्या एका दुकानदाराने एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) निकामी होत आल्याचे सांगून ४,८०० रुपयांना नवा दिला आणि तो बसवायला माणूस घरी पाठवला. त्याने जुना काढून नवा बसवला, संगणक चालू केला आणि त्याच क्षणी एसएसडी व हार्ड डिस्क या डेटा साठवणाऱ्या दोन्ही डिस्क बंद पडल्या. दुकानदार म्हणतात की बसवणी आम्ही फुकट करून दिली, तो माणूस आमचा नोकर नाही आणि डेटाची जबाबदारी घेत नसल्याचे बिलावरच छापलेले आहे. आता ते पुढच्या खरेदीवर २,००० रुपयांची सूट देऊ करत आहेत. मी पोलिसांत तक्रार करावी की एसएमपीएस बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावावा? घटनेला सात महिने झाले आहेत.

उत्तर: आपल्या पत्रात सर्वांत महत्त्वाची माहिती आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. नव्या एसएमपीएसच्या खोक्यात डिस्कच्या केबलींची गुंडाळी कारखान्यातल्या बांधणीसकट तशीच पडून आहे आणि त्या माणसाने त्याच संध्याकाळी आपल्याला व्हॉट्सॲपवर कळवले आहे की, ‘डिस्कच्या केबल जुन्याच ठेवल्यात, मागची बांधणी सोडावी लागली नाही.’ आपले संपूर्ण प्रकरण या दोन गोष्टींवर उभे राहणार आहे, म्हणून त्यांचा अर्थ आधी सांगतो.

ज्या एसएमपीएसच्या केबली सुट्या काढता येतात, त्यांच्या केबलीचे डिस्ककडचे टोक ठरलेल्या मानकाप्रमाणे असते. मात्र एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या छिद्रात ५ व्होल्ट आणि कोणत्या छिद्रात १२ व्होल्ट द्यायचे, हे प्रत्येक उत्पादक आपल्यापुरते ठरवतो आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळे असते. प्लगचा आकार सारखा असल्यामुळे जुनी केबल नव्या एसएमपीएसमध्ये बिनबोभाट बसते, पण जिथे ५ व्होल्ट अपेक्षित आहेत तिथे १२ व्होल्ट पोचतात आणि डिस्क चालू करताक्षणी जळते. संगणक दुरुस्त करणाऱ्यांना हा धोका चांगला ठाऊक असतो आणि एसएमपीएस बदलताना केबलीही बदलणे हा या कामाचा प्राथमिक नियम आहे. थोडक्यात, आपल्याला विकलेली वस्तू कदाचित पूर्णपणे निर्दोष असेल. चूक झाली ती ती बसवण्यात.

म्हणूनच उत्पादक कंपनीला मुख्य प्रतिपक्ष करण्याचा विचार मला योग्य वाटत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण असले, तरी त्याखाली दाद मागायची झाल्यास उत्पादनातील दोष किंवा अपुऱ्या सूचना सिद्ध कराव्या लागतात. शिवाय कलम २(२२) मधील ‘हानी’च्या व्याख्येतून व्यापारी व आर्थिक नुकसान वगळलेले आहे, म्हणजे बुडालेल्या कामाची भरपाई त्या मार्गाने मिळणे अवघड आहे. खोक्यातील माहितीपुस्तिका मात्र जपून ठेवा आणि तीत ‘सोबत दिलेल्याच केबली वापराव्यात’ असा इशारा आहे का, ते पाहा. असा इशारा असेल तर तो कंपनीला वाचवतो आणि दुकानदाराला अडचणीत आणतो, कारण आपण काय विकतो आहोत हे विक्रेत्याने वाचलेले असणे अपेक्षित आहे. तो अजिबात नसेल, तर अपुऱ्या इशाऱ्याच्या मुद्द्यावर कंपनीलाही सामनेवाले (ज्याच्याविरुद्ध तक्रार तो पक्ष) करता येईल.

आपला खरा मार्ग ‘सेवेतील त्रुटी’चा, म्हणजे काम नीट न केल्याबद्दल ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा आहे आणि त्यावर दुकानदार चार आक्षेप घेतील. पहिला, आपण संगणक व्यवसायासाठी वापरता म्हणून आपण ग्राहकच नाही. याला उत्तर कलम २(७) च्या स्पष्टीकरणातच आहे: केवळ स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेली व वापरलेली वस्तू ‘व्यापारी प्रयोजना’त मोडत नाही. आपण एकट्याच घरून हे काम करता आणि त्यावरच आपले घर चालते, हे तक्रारीत आणि शपथपत्रात स्पष्ट शब्दांत लिहा. हे वाक्य राहून गेल्यामुळे चांगली प्रकरणे सुरुवातीलाच अडखळतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप फुकट बसवणीचा. मोबदल्याशिवाय दिलेली सेवा कायद्याच्या व्याख्येत बसत नाही हे खरे, पण वस्तूच्या विक्रीसोबत ठरलेली बसवणी फुकट नसते, तिचा मोबदला किमतीतच आलेला असतो. त्याहून भक्कम पुरावा आपल्याच हाती आहे. येण्याजाण्याचे म्हणून ३०० रुपये आपण त्या माणसाला यूपीआयने दिले, असे आपण लिहिले आहे. त्या व्यवहाराची नोंद आणि बँकेचा उतारा तक्रारीला जोडा. या ३०० रुपयांची पावती मागूनही मिळाली नसेल तर तेही लिहा, कारण दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तो माणूस दुकानाचा नोकर नाही, या तिसऱ्या म्हणण्याला मी फारशी किंमत देत नाही. त्याला आपण शोधून आणलेले नव्हते, दुकानदाराने पाठवले होते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३७ प्रमाणे, एखादी व्यक्ती आपल्या अधिकारात काम करते आहे असा समज ज्याने स्वतःच्या शब्दांनी किंवा वागण्याने निर्माण केला, त्याला नंतर हात झटकता येत नाहीत. दुकानदाराने ‘उद्या आमचा माणूस येईल’ असे कळवलेला संदेश इथे कामाला येईल. तरीही सावधगिरी म्हणून दुकान आणि तो कारागीर, दोघांनाही सामनेवाले करा.

राहिले बिलावरचे छापील वाक्य. त्यावर आपण गप्प राहिलात म्हणजे निष्काळजीपणे केलेल्या कामालाही संमती दिलीत, असा अर्थ निघत नाही, एवढाच युक्तिवाद करा. त्या वाक्याला ‘अनुचित करार’ म्हणून आव्हान देण्याचा मोह टाळा. अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. असा एक शब्द तक्रारीत आला, तरी अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेऊन प्रकरण लांबवायला समोरच्याला निमित्त मिळेल.

आता पुराव्याबद्दल, आणि इथे माझी कळकळीची विनंती आहे की घाई करू नका. जुना एसएमपीएस भंगारात देऊ नका आणि तो उघडूही नका, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये काही काळ ३०० व्होल्टांहून अधिक दाब राहू शकतो. जुन्या केबली, नवा एसएमपीएस, बांधणी न सोडलेली नवी गुंडाळी आणि दोन्ही डिस्क वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून प्रत्येकीचे छायाचित्र घ्या. दोन केबलींतला फरक मल्टिमीटरने दाखवता येतो. केबली कशालाही जोडलेल्या नसताना, एसएमपीएसकडच्या एकेका छिद्रापासून डिस्ककडच्या टोकाच्या ७ ते ९ क्रमांकाच्या पिनांपर्यंत, म्हणजे ५ व्होल्टच्या ओळीपर्यंत, आणि १३ ते १५ क्रमांकाच्या, म्हणजे १२ व्होल्टच्या पिनांपर्यंत जोडणी आहे का, हे तपासायचे. जुनी आणि नवी केबल शेजारी शेजारी तपासली की कोणते छिद्र कुठे जाते ते आयोगाच्या सदस्यांनाही सहज समजेल. ही तपासणी या प्रकरणाशी संबंध नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी किंवा पदविका असलेल्या व्यक्तीकडून करून घ्या आणि तिचा सहीचा लेखी अहवाल व शपथपत्र मिळवा.

या तपासणीची तारीख, वेळ आणि ठिकाण आधी दुकानदाराला लेखी कळवा व हजर राहण्याची संधी द्या. ते आले नाहीत तरी ‘आमच्या मागे वस्तूत फेरफार केला’ असे म्हणण्याची वाट बंद होते. तेवढ्याने भागले नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८(२)(ग) प्रमाणे वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती आयोगाला करता येते.

व्हॉट्सॲप संदेशांची केवळ छायाचित्रे काढून थांबू नका. मूळ संभाषण असलेला फोन सांभाळा आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेला नसतो, पण प्रमाणपत्र असले की वादाचा एक मुद्दा कमी होतो.

तक्रारीसाठी आपल्याला कोल्हापूरला जावे लागणार नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे दाद मागता येते, म्हणजे आपल्यासाठी सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे. अधिकारक्षेत्र आणि शुल्क हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे सात महिन्यांनी बिघडलेले काही नाही. आधी स्पीड पोस्टाने पोचपावतीसह नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्या. नोटीस सक्तीची नाही, पण तिच्या उत्तरात समोरचा काय कबूल करतो आणि काय नाकारतो ते कळते. तक्रार दाखल झाल्यावर लेखी म्हणणे देण्यासाठी सामनेवाल्यांना ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यातील अशाच तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही मर्यादा बंधनकारक ठरवली आहे.

मागणी किती करावी, याबाबत संयम ठेवा. दोन्ही डिस्कची किंमत, तज्ज्ञाचा खर्च, डेटा परत मिळवण्याचा खर्च, हातचे गेलेले काम, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च हे सहा आकडे वेगवेगळे मांडा आणि शक्य त्या प्रत्येकामागे कागद जोडा. गेलेल्या कामासाठी प्रकाशकाचे पत्र किंवा रद्द झालेली मागणी जोडा. मोघम ‘लाखोंचे नुकसान’ आयोग मान्य करत नाही. आपल्याकडे डेटाची दुसरी प्रत नव्हती, यावर प्रश्न विचारला जाईल आणि त्या शीर्षकाखालची रक्कम कदाचित कमी होईल, याची मनाशी तयारी असू द्या. हार्ड डिस्कबाबत आशा सोडू नका. जास्त व्होल्टेज आल्यास तिच्या सर्किट बोर्डावरचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन पुढचा भाग वाचवतो असे पुष्कळदा घडते आणि मग डेटा परत मिळतो. एसएसडीची शक्यता त्या मानाने कमी असते. मात्र हे काम वर सांगितलेल्या तपासणीनंतरच करायला द्या आणि डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेकडून डिस्क कशामुळे बिघडली, याची लेखी नोंद घ्या.

पोलिसांत जाऊ नका. नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव असल्याशिवाय आगळिकीचा (मालमत्तेचे नुकसान केल्याचा) गुन्हा होत नाही आणि इथे आहे तो निष्काळजीपणा.

तडजोडीला माझा विरोध नाही. आयोगही मध्यस्थीकडे पाठवू शकतो आणि डिस्कची किंमत व डेटाचा खर्च रोख मिळत असेल तर जरूर विचार करा. परंतु २,००० रुपयांच्या सवलतीच्या कुपनासोबत ‘माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही’ किंवा ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर सही करू नका, कारण तो कागद आयोगासमोर सर्वांत आधी दाखवला जाईल. ते कुपन आधीच हाती आले असेल, तर ते न वापरता नोटिशीसोबत परत पाठवा.