जुन्या नालाचं काय करू? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात घोड्याच्या जुन्या नालापासून केलेल्या किल्ल्यांच्या हँगरचा फोटो छापला आणि तेव्हापासून आमच्या व्हॉट्सॲपवर नालच नाल सुरू आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, भाषा मात्र ज्याची त्याची तशीच ठेवलीय.

ताई, मी जुळे सोलापूरला राहतो. ओळखीत एकजण वरातीच्या घोड्या पाळतात, त्यांच्याकडून पिशवीभर जुने नाल आणलेत. मित्र म्हणतोय, हे भंगार घेऊन काय करायलाय बे. गंज लय आहे, एकानं सांगितलं संडासाचं ॲसिड ओत, लगेच निघतंय. ओतू का?

नको ओ. त्या ॲसिडचा धूर छातीत जातो आणि ज्या खोलीत वापराल तिथली बाकीची लोखंडी हत्यारंही त्याच धुरानं गंजतात. आणि कुणी वर ब्लीचिंगचं पाणी ओतलं तर क्लोरीन तयार होतो, म्हणजे थेट दवाखानाच.

पण गंजाच्याही आधी एक विचारते, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय? लोक म्हणतात गंजलेलं लोखंड लागलं की धनुर्वात होतो, पण गंजाचा त्यात काही दोष नाही, त्याचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, घोड्याच्या लिदीत तर असतातच, आणि तुमच्या पिशवीतला प्रत्येक नाल त्याच लिदीतून फिरून आलाय. दहा वर्षं झाली असतील तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. हातात जाड मोजे घाला, कारण नालाच्या भोकात जुन्या खिळ्यांची मोडकी टोकं अडकलेली असतात आणि ती ब्लेडसारखी लागतात. पक्कड किंवा पंचनं ती आधी काढा.

मग साबणाच्या पाण्यात भिजवून तारेच्या ब्रशनं घासा. त्यानंतर प्लास्टिकच्या टबात किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर ओतून नाल पूर्ण बुडतील असे रात्रभर ठेवा. सकाळी गंज काळ्या चिखलासारखा सुटून येतो, पुन्हा ब्रश मारा, खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा म्हणजे आंबटपणा मरतो, आणि लगेच पुसून उन्हात टाका. लगेच म्हणजे खरंच लगेच, ओला नाल तसाच ठेवून चहाला गेलात तर परत येईपर्यंत त्यावर नारिंगी झाक आलेली असते. सोलापूरच्या उन्हाचा उपयोग इथं तरी करून घ्या.

एखादा नाल हातात फारच हलका लागला आणि त्याला लोहचुंबक चिकटत नसेल तर तो ॲल्युमिनियमचा आहे, रेसच्या घोड्यांना तसले मारतात. त्याला गंज येत नाही, म्हणून तो व्हिनेगरमध्येही घालू नका.

माझ्याकडे ग्राइंडर आहे. सगळे नाल घासून एकदम आरशासारखे करावेत का? गिफ्ट द्यायचं म्हणजे चकाचक पाहिजे ना. – वाचक, होटगी रोड

चकाचक पाहिजे तर हार्डवेअरमधून नवीन पट्टी आणून वाकवा की, जुन्याचा अट्टहास कशाला? मला इथं जरा तावातावानं बोलायचंय.

जुना नाल हातात घेऊन नीट बघा. पुढचा भाग, जिथं घोडा पाय उचलताना जोर देतो, तिथं तो झिजून पातळ झालेला असतो, कधी कधी इतका की टोकाला धार आलेली दिसते, आणि मागची दोन्ही टोकं त्या मानानं जाड राहिलेली असतात. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त झिजली असेल तर तो घोडा त्या बाजूला भार देऊन चालायचा. नाल गोलसर असेल तर बहुतेक पुढच्या पायाचा, जरा लांबट निमुळता असेल तर मागच्या पायाचा. खालच्या बाजूला खिळ्यांच्या रांगेतून जी खाच जाते ती नवीन असताना खोल असते, झिजलेल्या नालात पुढं पुढं ती जवळजवळ पुसूनच गेलेली असते. हे सगळं त्या जनावरानं चालून केलेलं काम आहे, आणि तुमचा ग्राइंडर ते दोन मिनिटांत साफ करतो. मग उरतं काय, तर यू आकाराचं लोखंड.

म्हणून कडांना हात कापू नये एवढाच पॉलिश पेपर मारा. चमक हवीच असेल तर खुराला टेकणारी सपाट बाजू घासा, जमिनीची बाजू सोडा.

मुलगी मुंबईला असते. तिला नालाचा फोटो स्टँड करून दिला, इथं छान होता, तिकडं पावसाळ्यात भिंतीवर तपकिरी ओघळ आले. तेल लावलं होतं, करडईचं. – एक आई, बाळे (सोलापूर)

करडई आपल्याकडं घरोघरी, म्हणून हात तिकडंच जातो, पण या कामाला ती बरोबर नाही. करडईचं तेल अर्धवट वाळतं आणि बरेच दिवस चिकट राहतं, त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल हवेत हळूहळू कडक होऊन पापुद्रा धरतं, म्हणून जुने लोक लाकडाला तेच लावायचे. घाण्यावरचं जवसाचं तेल आणा, नाल उघड्यावर शेगडीवर गरम करा, चिमट्यानं धरा, फडक्यानं अगदी पातळ हात फिरवा, धूर निघेल, निघू द्या, जास्तीचं पुसा. असे दोनतीन हात दिले की सुंदर काळपट तपकिरी रंग येतो आणि झीज सगळी दिसत राहते. रंग लावण्यापेक्षा मला हेच आवडतं.

आता महत्त्वाचं. तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात किंवा डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या फडक्यात ती साठून फडकं आपोआप पेटू शकतं, काडी नाही, ठिणगी नाही, तरीही. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

मुंबईची हवा ओली आणि खारी, तिथं नुसत्या तेलावर भागत नाही. पूर्ण वाळल्यावर वरून पारदर्शक लॅकरचा स्प्रे दोन वेळा मारा, भोकांच्या आतसुद्धा, कारण ओघळ तिथूनच सुरू होतात. आणि मागं भिंतीला टेकणाऱ्या जागी फेल्टचे छोटे तुकडे चिकटवा.

मला वेल्डिंग येत नाही आणि वेल्डरकडं एकटीनं जायला बरं वाटत नाही. घरी बसून काही होईल का? – वाचक, अशोक चौक

होईल की, आणि तुमच्या भागात तर जास्तच होईल. आजूबाजूला टॉवेल-चादरीचे कारखाने, तिथं उरलेल्या सुताच्या रंगीत गुंड्या किलोवर मिळतात. साफ करून तेल वाळलेल्या नालाला एका बाजूनं ते सूत घट्ट गुंडाळत जा, चादरीत येतात तसे गडद रंगांचे पट्टे पाडा, लाल, हिरवा, काळा, आणि दुसरी बाजू उघडी सोडा. खिळ्यांची भोकं आहेतच, त्यातून सूत ओवून खाली घुंगरू किंवा गोंडे सोडा, दाराला लावायला झालं. बाहेरगावच्या माणसाला सोलापूरचं म्हणून काय द्यायचं हा प्रश्न दरवेळी चादरीवरच येऊन थांबतो, त्याला हे एक बरं उत्तर आहे.

ज्यांना वेल्डिंग करून घ्यायचंय त्यांच्यासाठी एवढंच, साधे नाल माइल्ड स्टीलचे असतात आणि सहज जोडले जातात, फक्त जोडाची जागा घासून स्वच्छ पाहिजे. पांढुरकी जस्ताची कोटिंग दिसली तर वेल्डरला आधी सांगा, जस्ताच्या धुरानं थंडी वाजून ताप येतो.

वडिलांच्या पेटीत बैलांच्या पत्र्या सापडल्या, डबाभर. बैल आता नाहीत. नालासारखं यांचं काही करता येतं का? – वाचक, मंगळवेढा

अहो, नालापेक्षा सुंदर काम होतं! बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन वेगळ्या पत्र्या लागतात आणि त्यांचा आकार पानाच्या अर्ध्या भागासारखा येतो. दोन समोरासमोर ठेवल्या की पूर्ण पान, पाच-सहा गोलात मांडल्या की फूल. पण पत्री पातळ असते, वेल्डिंगला दिली तर भोक पडायची भीती, त्यापेक्षा भोकांतून तांब्याची तार ओवून बांधा नाहीतर पितळेची झाळ मारून घ्या. आंब्याच्या पानांसारखं तोरण करा, दसऱ्याला आणि पोळ्याला दारावर शोभेल.

आणि एक ऐका, सगळ्या वापरू नका. एक जोडी, खिळ्यांसकट, आहे तशी ठेवा. तुमच्या नातवंडांना बैलाच्या पायाला काय मारायचे ते दाखवायला दुसरं काही उरणार नाही.

गड्ड्याच्या यात्रेत (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) होम मैदानावर छोटा स्टॉल टाकावा म्हणतोय. पण गिऱ्हाईक पहिलं विचारतंय, काळ्या घोड्याचा आहे का, शनिवारी काढलेला आहे का. काय सांगू? आणि किंमत कशी लावू?

खरं सांगा. सुटा नाल बघून घोडा काळा होता की पांढरा हे कुणालाच सांगता येत नाही, नालबंदालाही नाही. ज्यांच्याकडून आणला त्यांच्याकडं काळा घोडा असेल तर तसं म्हणा, नसेल तर खोटं बोलू नका. ज्याची श्रद्धा आहे तो घेईल, तुम्ही भेटवस्तू विकताय, शनीचा उतारा नाही. मिठाच्या पाण्यात टाकून गंजवलेले नवे नाल जुने म्हणून खपवणारे आहेत, पण ते सगळीकडून सारखेच जाड असतात, पुढं झीज नसते. गिऱ्हाइकाला दोन्ही हातात देऊन फरक दाखवा, तीच तुमची जाहिरात.

माल यात्रेच्या तोंडावर शोधू नका. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा वाढत राहतो, म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासतात, डांबरी रस्त्यावर चालणाऱ्यांचे तर त्याआधीच झिजतात. नालबंदाला सांगून ठेवलं की तो बाजूला काढून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास अकलूजचा घोडेबाजार भरतो, तिथंही चक्कर मारा.

किंमतीचं म्हणाल तर, समजा नाल 40, वेल्डिंग 60, तेल-लॅकर-सूत 30, खोका 25, झाले 155. इथंच थांबून 200 ला विकणारे खूप, आणि मग चार तास घासत बसल्याचे पंचेचाळीस रुपये मिळतात. तुमच्या तासाची मजुरी आधी ठरवा, ती यात घाला, मग किंमत लिहा. कुरिअरनं पाठवायचं असेल तर वजन करून दर विचारा, लोखंड आहे, दोन नालांचा सेट किलोच्या आसपास सहज जातो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

नाल टांगताना उघडं तोंड वर की खाली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला! वर ठेवलं तर नशीब साठतं, खाली ठेवलं तर दारातून येणाऱ्यावर सांडतं, दोन्ही सांगणारे आहेत, तुम्हाला आवडेल तसं लावा. किल्ल्या अडकवायच्या असतील तर तोंड वर, म्हणजे खालच्या गोलाईला हुक लावता येतात. नुसत्या खिळ्यावर टांगू नका, दार आपटलं की खाली येतो आणि पाव-अर्धा किलो लोखंड पायावर पडलं की समजतं. भिंतीला ड्रिल करून प्लग घाला आणि नालाच्या भोकांतून, दोन्ही बाजूंना एकेक, स्क्रू मारा. भोकं चौकोनी आणि आत निमुळती असतात, त्यामुळे दुकानात जाताना नाल बरोबर न्या आणि स्क्रू तिथंच घालून बघा.