टाळेबंदी कोणाची, संप कोणाचा?

प्रश्न असा आला आहे: ‘अमेरिकेतल्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ मध्ये जे घडलं, त्याला एका मराठी लेखात “संप” म्हटलंय, दुसऱ्यात “टाळेबंदी”, आणि हिंदीत “हड़ताल”. तिन्ही एकच का? आणि टाळेबंदी म्हणजे लॉकडाउन ना? तिथे तेव्हा साथ होती का?’

शेवटच्या प्रश्नाला हसू नये. २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी लॉकडाउनला टाळेबंदी म्हणायला सुरुवात केली आणि हा शब्द कारखान्याच्या फाटकावरून उठून घराघरात आला. त्याआधी आमच्या पिढीला टाळेबंदी म्हटलं की एकच चित्र दिसायचं: सकाळच्या पाळीला आलेली माणसं, फाटकाला कुलूप आणि शेजारी चिकटवलेली नोटीस. होमस्टेडला साथ वगैरे काही नव्हती. होतं ते हेच.

तर आधी कर्ता कोण ते पाहू. संप कामगार करतात, टाळेबंदी मालक करतो. ‘कामगारांनी टाळेबंदी केली’ हे वाक्य ‘रोग्याने डॉक्टरला तपासलं’ या जातीचं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही दोन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या होत्या. क्रियापदंही वेगळी लागतात. संप पुकारतात, संपावर जातात, तो चिघळतो, मिटतो, मागे घेतला जातो. टाळेबंदी जाहीर होते, लादली जाते आणि उठवली जाते.

हरताळची गंमत आणखी वेगळी. हट्ट म्हणजे बाजार, त्याला ताळा म्हणजे कुलूप. म्हणजे हा मुळात दुकानदारांचा शब्द, निषेध म्हणून दुकानं बंद ठेवण्याचा. हिंदीने तो कामगारांच्या संपाला लावला, मराठीने नाही. म्हणून कारखान्यापुरतं हिंदी ‘हड़ताल’चं मराठी ‘संप’ करावं, ‘हरताळ’ करू नये. (‘नियमाला हरताळ फासला’ यातला हरताळ म्हणजे ती पिवळी भुकटी, पोथीतला चुकीचा मजकूर झाकायला फासायची. तिचा या बंदशी काही संबंध नाही.) आणि गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा. ‘संप त्यां जंप’, एकोपा तिथे शांतता. आपल्याकडे त्याच शब्दाने नेमकी शांतता मोडते. पण एकी केल्याशिवाय संप होत नाही, तेव्हा नातं तुटलेलं नाही. इंग्रजी ‘स्ट्राइक’ची जन्मकथा तर बंदरावरची सांगतात: १७६८ मध्ये खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं खाली उतरवली, आणि शिडं उतरवण्याचं ते क्रियापद काम थांबवण्याला चिकटलं.

आता होमस्टेड. पिट्सबर्गजवळ मोनोंगहेला नदीच्या काठी अँड्र्यू कार्नेगीचा हा कारखाना. कामगार सुमारे ३,८००, पण संघटनेत त्यातले कुशल कारागीर तेवढे, साधारण ८००. त्यांचा करार ३० जून १८९२ ला संपणार होता. कार्नेगी स्वतः स्कॉटलंडला आणि कारभार हेन्री क्ले फ्रिककडे. फ्रिकने काय केलं ते तारखांनिशी पाहा. कारखान्याभोवती सुमारे तीन मैल लाकडी कुंपण घातलं, वर काटेरी तार. लोक त्याला ‘फ्रिकचा किल्ला’ म्हणू लागले. २५ जूनला, म्हणजे करार संपायच्या पाच दिवस आधी, त्याने पिंकर्टन या खासगी पहारा-तपास एजन्सीला ३०० पहारेकरी पाठवायला लिहिलं. २८ जूनपासून एकेक विभाग बंद होत गेला.

तोवर कामगारांनी संप पुकारलेलाच नव्हता. म्हणून पहिल्या टप्प्याला टाळेबंदी हाच शब्द बरोबर. कंपनी नफ्यात होती, हेही जाता जाता. ताळेबंद उत्तम आणि तरी टाळेबंदी. हे दोन शब्द छापताना एकमेकांत मिसळतात, तेव्हा ‘त’ आणि ‘ट’ डोळ्यात तेल घालून तपासावेत.

पण गोष्ट इथे थांबत नाही, म्हणूनच दोन्ही लेख अर्धे-अर्धे बरोबर आहेत. ३० जूनला संघटनेबाहेरच्या सुमारे तीन हजार मजूर-मिस्त्रींनी, ज्यांचा त्या कराराशी काही संबंध नव्हता, सभा घेऊन काम सोडायचं ठरवलं. हा संप, शब्दाच्या गुजराती अर्थानेसुद्धा. मी लिहीन ते असं: ‘मालकाने टाळेबंदी केली, त्यावर कामगारांनी संप पुकारला.’ अमेरिकन पुस्तकांत मथळा बहुधा ‘होमस्टेड स्ट्राइक’ असा येतो. तो जसाच्या तसा उचलला की भांडण कामगारांनी उकरून काढलं असा समज होतो. कुलूप आधी लागलं हे वाचकाला कळलंच पाहिजे.

६ जुलैच्या पहाटे ते ३०० पिंकर्टनवाले नदीतून दोन बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटींतून, आले. बार्जला आपल्याकडे ‘पडाव’ हा जुना, चांगला शब्द आहे. ‘नौका’ म्हटलं की शिडाची होडी दिसते, इथे तर माणसं कोंबलेले, वरून झाकलेले पडाव होते. काठावर कामगार, बायका, मुलं. गोळीबार दिवसभर चालला, दोन्हीकडची मिळून किमान दहा माणसं गेली आणि शेवटी पिंकर्टनवाले शरण आले. त्यांना ‘गुप्तहेर’ लिहू नका. एजन्सी हेरगिरीसाठी प्रसिद्ध असली तरी पडावात आलेली ही माणसं बंदूक घेतलेले भाडोत्री पहारेकरीच होती. १२ जुलैला राज्याची हजारो सैनिकांची फौज आली आणि कंपनीने तिच्या आडोशाने नवी माणसं आत घेतली.

ही नवी माणसं म्हणजे इंग्रजीतले ‘स्कॅब’. कोशात ‘खपली’ सापडेल. ती लावली तर वाक्याचा विचका होतो. आपला तयार शब्द ‘संपफोड्या’. मात्र संप ‘फुटणं’ आणि ‘मोडणं’ यांत भेद आहे, आणि तो जपावा असं मला वाटतं. फुटतो तो आतून: पोट रिकामं, हिवाळा तोंडावर, काहीजण परत कामावर. मोडतो तो बाहेरून. होमस्टेडला नोव्हेंबरमध्ये आधी मजूर-मिस्त्रींनी कामावर परतायची मोकळीक मागितली आणि दोन दिवसांत संघटनेनेही माघार घेतली. तो संप फुटला. दोन वर्षांनी शिकागोजवळच्या पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात पगार कापले आणि कंपनीच्या घरांचं भाडं तसंच ठेवलं, तेव्हा संप झाला, आणि युजीन डेब्सच्या रेल्वे संघटनेने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार घातला. तिथे कोर्टाचा मनाई हुकूम आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने धाडलेलं सैन्य उतरलं. तो संप मोडला.

आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपाबद्दल कोणता शब्द वापरायचा, यावर मात्र लालबागला दोन माणसांत चार मतं निघतील. पण ‘गिरणीला टाळं लागलं’ म्हणताना ते कोणी लावलं हे तिथे कोणालाच विचारावं लागत नाही.