घरच्या वर्कशॉपसाठी कोणता प्लॅनर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की जागा म्हणजे फ्लॅटची बंद बाल्कनी, लाकूड पाडलेल्या वाड्यातल्या सागवानी फळ्यांचं, करायचंय जेवणाचं टेबल आणि बजेट पंधरा हजार. त्यात १३ इंच रुंदीपर्यंतची फळी आत घालून तासणारा जुना थिकनेस प्लॅनर स्वस्तात मिळतोय, तो घेऊ का? माझ्या मते घेऊ नका. ८२ मिलिमीटर रुंद पात्याचा, हातात धरायचा इलेक्ट्रिक प्लॅनर आणि एक लोखंडी रंधा, एवढ्यात तुमचं काम होईल आणि वर पैसेही उरतील.

थिकनेस प्लॅनर फळीची जाडी एकसारखी करतो, तिचा बाक काढत नाही. आतले रोलर वाकलेली फळी दाबून सपाट धरतात, पातं वरून तासतं, आणि बाहेर आल्यावर दाब सुटला की फळी पुन्हा होती तशी वाकते. जाडी सारखी, बाक तसाच. आधी एक बाजू सपाट करून मगच फळी त्यात घालायची असते. वाड्यातल्या जुन्या फळीला पीळ नसणं दुर्मीळच, म्हणजे ती पहिली बाजू तुम्हाला हातानंच करावी लागणार. शिवाय १६ अँपिअरचा पॉइंट लागेल, पोतंभर भुसा निघेल, आणि आवाज एवढा की सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्याच रविवारी दारात. जाडी मारून घ्यायचीच असेल, तर फळ्या एका बाजूनं सपाट करून जवळच्या वखारीत न्या. चार पैसे घेऊन ते करून देतात.

आता हातातला प्लॅनर. मकिताचा एन१९००बी किंवा बॉशचा जीएचओ ६५००, दोन्ही ८२ मिलिमीटरचे, दोन्ही चालतील. पहिल्याची मोटर ५८० वॉटची, दुसऱ्याची ६५०. खोक्यावर 'जास्तीत जास्त खोली', म्हणजे एका फेरीत किती जाड थर निघतो ते, मोठी लिहिलेली दिसली म्हणून भाळू नका. सागवानावर एका वेळी अर्धा मिलिमीटर भरपूर झाला. पातं मात्र कार्बाइडचंच बघा, म्हणजे स्टीलपेक्षा कितीतरी कडक धातूचं. सागवानात सिलिका, म्हणजे वाळूसारखे कडक कण असतात, साधं पातं लवकर बोथट होतं. कार्बाइडच्या पातळ पात्याला दोन्हीकडे धार असते, एक बाजू गेली की उलटून बसवायचं.

नवीन मशीन आणलं की आधी एक तपासा. प्लग काढा, मशीन उलटं धरा आणि स्टीलची फूटपट्टी मागच्या तळावर (पात्यामागच्या सपाट भागावर) ठेवून पुढे पात्यावर येऊ द्या. ड्रम, म्हणजे पातं बसवलेला रूळ, हातानं हळू फिरवा. पातं पट्टीला जेमतेम शिवून एखाददुसरा मिलिमीटर पुढे ओढेल इतपत वर हवं. जास्त वर असेल तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, खाली असेल तर पातं लाकडाला लागतच नाही. पात्याच्या दोन्ही टोकांना ही तपासणी करा. विकणारे हे दाखवत नाहीत.

चालवताना सुरुवातीला जोर पुढच्या मुठीवर, शेवटाला मागच्या. नाहीतर दोन्ही टोकं झिजतात आणि मधे टेकाड राहतं. बटण सोडल्यावरही ड्रम काही सेकंद फिरत राहतो, म्हणून लगेच खाली ठेवू नका. पावसाळ्यात फुगलेला दरवाजाही यानंच तासता येईल. वरच्या-खालच्या कडा तासताना दोन्ही टोकांकडून मधे या, नाहीतर बाजूच्या उभ्या पट्टीचा तुकडा उडतो.

रुंद फळीवर या मशीनच्या पट्ट्या उमटतात, त्या पुसायला रंधा. ५ नंबरचा घ्या, साधारण १४ इंच लांबीचा. स्वस्त रंध्याचा तळ बहुधा खरबरीत येतो. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासला की सपाट होतो. धार लावायला जमली नाही तर महागडा रंधाही कुचकामी, त्यामुळे उरलेल्या पैशातून चांगला धारेचा दगड आणा. मी तर तो सगळ्यात आधी घेईन.

आणि वाड्याचं लाकूड आहे, तर मोडक्या खिळ्यांची डोकी आत बुडालेली असणारच. वरचा रंग आणि माती तारेच्या ब्रशनं काढून फळीवरून जोरदार लोहचुंबक फिरवा. काळपट डाग दिसला की तिथे खिळा आहे असंच धरून चाला. पितळी खिळा मात्र चुंबकाला लागत नाही, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.